‘दुपारनंतर’चं तिसरं रीळ

सिनेमाबद्दल मत द्यायला सिनेमा पाहावा लागतो, असं कुणी म्हणालं की निरीक्षक मनातल्या मनात हसत. एकवीस वर्षं ते दर रविवारी सकाळी इमारतीच्या फळ्यावर सिनेमांबद्दल मत देत होते आणि या एकवीस वर्षांत पहिल्या वीस मिनिटांच्या पुढे त्यांनी एकही सिनेमा जागेपणी पाहिला नव्हता.

निरीक्षक म्हणजे वजनमापं खात्यातले. दुकानोदुकानी जायचं, तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, ही नोकरी. पाचशे ग्रॅमच्या वजनातली दोन ग्रॅमची तूट नुसत्या तळहातावर ओळखणारा माणूस! ज्याचा तळहात इतका नेमका, त्याचं मत किती नेमकं असेल, असा एक समज इमारतीत होता. तो पसरवला कुणी, हे विचारू नका.

फळा जिन्याखाली, पत्रपेट्यांच्या शेजारी. त्याच्या डाव्या अर्ध्यावर पाणी कधी जाणार आणि खिडकीतून केर टाकू नये, हे लिहिलेलं असे. उजवा अर्धा निरीक्षकांचा. सर्वसाधारण सभेने तसा ठराव एकमताने मंजूर केला होता. म्हणजे मत एकच पडलं होतं, बाकीचे तेव्हा चहाला उठले होते. पण ठराव तो ठराव. वर ठसठशीत अक्षरात ‘एक नवा, एक जुना’, आणि खाली चार-चार ओळी. नवा सिनेमा शनिवारी दुपारच्या खेळाला जाऊन पाहिलेला, जुना शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर लागलेला.

पाहणारी अर्थात बायको. नावांच्या पाट्या संपल्या, पहिलं गाणं झालं की निरीक्षकांची हनुवटी हळूहळू छातीवर टेके आणि ते थेट दिवे लागल्यावर उठत. बायको मात्र शेवटची पाटी जाईपर्यंत जागची हलत नसे. मग रविवारी सकाळी ती वाळलेले कपडे पलंगावर ओतून घड्या घालायला बसे आणि घड्या घालता घालता सगळा सिनेमा सांगे. निरीक्षक पेपरामागून ‘हं’ म्हणत. सगळं ऐकत होते अशातला भाग नाही. पण बाजारातून पिशवी भरून आणावी तसे चार-पाच शब्द उचलत आणि खाली जाऊन त्यांचं मत करत.

म्हणजे कसं, तर बायको म्हणायची, “तो मेला इतका रडतो, इतका रडतो, मला वाटलं आता पडदाच पिळायला लागतोय!” फळ्यावर यायचं, ‘नायकाचा भावनिक आलेख किंचित चढा.’ बायको म्हणायची, “त्या सासूला कुणीतरी खाली बसवा हो, सारखी आपली जिना चढतेय नि उतरतेय.” फळ्यावर, ‘दिग्दर्शकाने जिन्याचा प्रतीकात्मक वापर केला आहे.’ जिन्याचं वाक्य तर इतकं गाजलं, की तिसऱ्या मजल्यावरचे लोक आठवडाभर जिना चढताना गंभीर होत.

एकदा बायकोने विचारलंही, “ते जिन्याचं मी म्हणाले होते ना?”

“तू बोललीस,” निरीक्षक म्हणाले, “मत माझं. बोलणं वेगळं आणि मत वेगळं.”

तिने हातातला टॉवेल चौपदरी केला, घडी नीट दाबली आणि पुढचा उचलला. एवढंच झालं.

आता हे सगळं सुरळीत चाललं असताना बायकोच्या धाकट्या बहिणीचा पाय मोडला. बहीण नुकतीच नव्या घरात राहायला गेली होती आणि तिथल्याच जिन्यावरून घसरली (प्रतीकात्मक वगैरे काही नाही, पाय खरोखरच प्लास्टरमध्ये होता). बुधवारी दुपारी बायको बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि बरंच काही बोलली. निरीक्षकांनी पाच वेळा ‘हं’ केलं. मग कडी वाजली. ती पंधरा दिवसांसाठी गेली आहे, एवढं मात्र त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं, कारण पंधरा हा आकडा होता.

शनिवारी ते एकटेच सिनेमाला गेले. दिवे लागल्यावर झाडू मारणाऱ्याने उठवलं. शुक्रवारचा जुना सिनेमाही असाच गेला होता. रविवारी सकाळी निरीक्षक पेपर घेऊन बसले आणि पलंगावरून काही येईना तेव्हा त्यांना कळलं, की आपल्यावर प्रसंग ओढवला आहे. खाली फळ्यापाशी सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावरच्या मावशी आणि कोपऱ्यावरचा शिंपी, अशी नेहमीची मंडळी टांगल्यासारखी उभी होती. एकवीस वर्षांचा लौकिक! निरीक्षकांनी खडू घेतला. नव्याचं सोपं होतं. ‘तरुणांना आवडेल. ज्येष्ठांना आवडेलच असे नाही,’ असं लिहून त्यांनी वेळ मारून नेली. जुन्यापाशी मात्र हात अडला. तेवढ्यात डाव्या अर्ध्यावर नजर गेली. तिथे लिहिलं होतं, ‘दुपारनंतर पाणी बंद.’

निरीक्षकांनी लिहिलं, ‘जुना: दुपारनंतर. कृष्णधवल. एका घरातली बाई दुपारी बाहेर जाते. कथानक संथ, परंतु वातावरणनिर्मिती उत्तम. शेवट मात्र पटत नाही.’

असा सिनेमा नव्हताच. आपण इतकं काही न सांगता इतकं कसं लिहू शकतो, या विचाराने निरीक्षकांना स्वतःचंच कौतुक वाटलं. खडू खाली ठेवून ते वळले, तर सेक्रेटरी दात घासायचे थांबले होते.

“शेवट पटत नाही?” सेक्रेटरी म्हणाले. “अहो निरीक्षक, त्या सिनेमात आहे काय दुसरं? शेवटच तर आहे! मी आईबरोबर पाहिला होता. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.”

निरीक्षकांना हसू आवरेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांनी ताबडतोब ओळखलं, की हाही आपल्याच जातीचा, न पाहता बोलणारा. त्यांनी मान डोलावली आणि जिना चढायला लागले. पहिल्या वळणावर मावशींनी गाठलं.

“बरं झालं तुम्ही लिहिलंत,” मावशी म्हणाल्या. “मी विसरूनच गेले होते तो सिनेमा. ती बाई बोलत असते आणि नवरा आपला पेपरात डोकं घालून. आणि नळाखाली ती निळी बादली, मोडक्या कडीला दोरी बांधलेली.”

“मावशी, सिनेमा कृष्णधवल आहे,” निरीक्षक म्हणाले. इथे तरी पकडलं, असं त्यांना वाटलं.

“हो ना. तरी कळतं हो निळी आहे ते.”

निरीक्षक घरात आले. स्वयंपाकघरात नळाखाली निळी बादली होती. तिची कडी मोडकी होती आणि तिला दोरी बांधलेली होती. आता बादल्या निळ्याच असतात, कड्या मोडतात आणि मोडलेल्या कडीला माणूस दोरीच बांधतो, असा विचार करून त्यांनी चहा टाकला. पण बादलीकडे पाठ करून काही त्यांना चहा पिता आला नाही.

दुसऱ्या दिवशी शिंप्याने हाक मारली. माप घ्यायचं सोडून तो टेप गळ्यात टाकून बाहेर आला. “साहेब, ‘दुपारनंतर’मध्ये ती बाई दाराची कडी कशी काढते आठवतं? आधी जरा उचलायची, मग डावीकडे रेटायची, मग ओढायची. काय काम केलंय! आपल्याला वाटतं, ती कडी ती रोज काढते.”

निरीक्षकांच्या दाराची कडी आधी उचलावी लागत असे, मग डावीकडे रेटावी लागत असे. शिंपी त्यांच्या घरी कधीच आला नव्हता. तरी वरवर शांतपणे त्यांनी विचारलं, “आणि शेवट?”

“तो तुम्हीच लिहिलाय की. पटत नाही म्हणून. बाई येत नाही ना परत.”

बोलाफुलाला गाठ, असं निरीक्षकांनी स्वतःला बजावलं. मग दुसरा, जास्त सोयीचा विचार सुचला. सगळी इमारत मिळून आपली टर उडवते आहे! एकवीस वर्षं सिनेमाचं मत देणारा माणूस मंडळींच्या डोळ्यांत सलणारच. या विचाराने त्यांचा मानभंग झाला, पण त्याबरोबर थोडा धीरही आला. टर उडवणारी माणसं जिवंत असतात, त्यांना काय भ्यायचं?

त्या संध्याकाळी त्यांनी मेहुणीच्या घरी फोन लावला. नंबर भिंतीवर बायकोच्या अक्षरात लिहिलेला होता. फोन उचलला गेला. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला, पंख्याची घरघर आली.

“अगं, हॅलो,” निरीक्षक म्हणाले. “बोल ना.”

पंख्याची घरघर.

“अगं, ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोल.”

एक खुर्ची सरकली. दूर कुणीतरी खोकलं. निरीक्षकांनी फोन आपटला, पुन्हा लावला. तीच घरघर. तिसऱ्यांदा मेहुणी बोलली. तिचा आवाज इतका खणखणीत आला, की शेजारच्या खोलीतून बोलते आहे असं वाटावं. “भावजी, अहो काय चाललंय? ताई मघापासून बोलतेय तुमच्याशी.”

“मला नाही ऐकू येत.”

“माझं येतंय ना?”

“तुझं येतंय.”

“मग? घ्या, परत बोलतेय बघा ती.” आणि पुन्हा पंखा.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी टेलिफोन खात्याचा माणूस बोलावला. तो तीन दिवसांनी आला, कारण तक्रारीच्या अर्जात ‘आवाज येत नाही’ आणि ‘खरखर येते’ असे दोनच रकाने होते आणि ‘एकाच व्यक्तीचा येत नाही’ हे कुठे भरायचं, यावर वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवावं लागलं. त्याने डबा उघडला, तारा ओढून पाहिल्या, स्वतःच्या ऑफिसला फोन लावला आणि तिथल्या माणसाशी पाच मिनिटं बदलीबद्दल बोलला.

“फोन ठणठणीत आहे, साहेब,” तो म्हणाला. “कुणाचा येत नाही आवाज?”

“बायकोचा.”

त्याने निरीक्षकांकडे एकदा पाहिलं, हत्यारं पिशवीत भरली आणि रिपोर्टवर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून सही घेतली.

दुसऱ्या रविवारी निरीक्षकांनी फळ्यावर मत दिलं नाही. ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ एवढंच लिहिलं. तरी लोक येऊन ‘दुपारनंतर’च्याच गोष्टी करत. मावशींना आता त्यातला पंखा आठवला होता. सेक्रेटरींनी तर सल्ला दिला, “निरीक्षक, एकदा परत बघून या. तुम्ही तेव्हा लहान असाल, शेवट कळला नसेल.” निरीक्षक रोज फोन लावत आणि पंखा ऐकत. आणि पंधरावा दिवस, बुधवार, आला. त्यांनी घर झाडलं, दूध जास्तीचं आणलं, दुपारभर खिडकीत उभे राहिले. चार बसगाड्या आल्या आणि गेल्या. बायको आली नाही.

संध्याकाळी जिन्यात मावशी भेटल्या. “वहिनी आल्या नाहीत का अजून?” त्यांनी विचारलं आणि लगेच जीभ चावली. त्या जीभ चावण्याने निरीक्षकांची पाचावर धारण बसली.

गुरुवारी सकाळी ते रजा टाकून सरकारी चित्रपट संग्रहालयात गेले. हिशेब सरळ होता. सिनेमा तिथे नसला, तर ही सगळी इमारतीची चेष्टा, आणि बायको उद्या-परवा येईल. चेष्टा करणाऱ्यांची नावं त्यांनी वाटेत मनाशी लिहूनही ठेवली.

“पाहिलाय का?” खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

“नाही. म्हणजे… हो.”

“नक्की काय? पाहिला असेल तर परत कशाला बघायचा? नसेल पाहिला तर असा सिनेमा आहे हे कशावरून म्हणता?”

जन्मभर दुकानदारांना निरीक्षकांनी असेच प्रश्न विचारले होते. त्यांनी खिशातून खात्याचं ओळखपत्र काढून समोर ठेवलं. कारकुनाने ते उलटसुलट पाहिलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. “नमुना चार भरा. ज्यांनी पाहिलाय त्यांनी पाहिला असं लिहून द्यायचं. स्वतःचं चालत नाही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निरीक्षक परत इमारतीत आले आणि सेक्रेटरींनी सोसायटीच्या कागदावर लिहून दिलं, की खाली सही करणाऱ्यांनी ‘दुपारनंतर’ हा चित्रपट पाहिलेला आहे. तेवीस सह्या झाल्या. त्यात तळमजल्यावर राहणाऱ्या कॉलेजातल्या मुलीचीही होती. “तू कधी पाहिलास?” निरीक्षकांनी विचारलं. “आठवत नाही हो काका,” ती म्हणाली, “पण पाहिलाय.” ती हे इतक्या सहज म्हणाली, की चेष्टेचा विचार निरीक्षकांनी तिथेच सोडून दिला. तो सोडल्यावर मात्र धरायला काही उरलं नाही.

शुक्रवारी दुपारी कारकुनाने सह्या मोजल्या, एक जाडी वही उघडली, बोट खाली खाली नेलं आणि म्हणाला, “आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा. रिळं तीन.”

दाखवायची खोली लहान होती, सहा खुर्च्यांची. मशीन चालवणारा म्हातारा चष्म्याला सुतळी बांधून बसला होता. दिवा गेला. नाव आलं, ‘दुपारनंतर’, आणि पुढे कुणाचंच नाव नाही, एकदम स्वयंपाकघर. नळ ठिबकत होता. खाली बादली होती. कृष्णधवल पडदा, पण बादली निळी होती. कशी ते सांगता येत नाही. कळत होतं.

पलंगावर बसून एक बाई कपड्यांच्या घड्या घालत होती. समोर एक माणूस पेपर वाचत होता. त्याचा चेहरा एकदाही दिसला नाही, नुसती पेपर धरलेली बोटं. अंगठ्याला काळा डाग होता, शिक्क्याच्या शाईचा असतो तसा. निरीक्षकांनी आपला अंगठा मुठीत घेतला. बाई बोलत होती. हात हलत होते, भुवया वर जात होत्या, मध्येच स्वतःच हसत होती, आणि आवाज नव्हता.

“अहो, आवाज!” निरीक्षक मागे वळून ओरडले.

“आवाज चालू आहे, साहेब,” म्हातारा म्हणाला. “पेपर ऐकू येतोय ना?”

पेपर ऐकू येत होता. नळ ऐकू येत होता. थोड्या थोड्या वेळाने पेपरामागून ‘हं’ आलं, तेही स्वच्छ ऐकू आलं. वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती आणि निरीक्षकांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ते पुढे वाकून बाईच्या ओठांकडे पाहत होते. काय म्हणतेय? काहीतरी सांगतेय, मजेचं आहे, आता विचारतेय, आता उत्तराची वाट बघतेय. ‘हं.’ आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी जरासं कमी झालं. जरासंच. पाचशे ग्रॅममध्ये दोन ग्रॅम जावेत तेवढं. मग ती पुन्हा बोलू लागली. पुन्हा ‘हं’, पुन्हा दोन ग्रॅम. ही आपल्या बायकोसारखी दिसते का, हे निरीक्षकांना ठामपणे सांगता येईना, आणि सांगता येईना याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली. इतकी वर्षं एका घरात राहून तिचं नाक कसं आहे, ती हसते तेव्हा कुठल्या बाजूने आधी हसते, हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या रिळाच्या शेवटी बाईने बॅग उचलली. दारात उभी राहून बरंच काही बोलली. पाच वेळा ‘हं’ आलं, निरीक्षकांनी मोजलं. तिने कडी उचलली, डावीकडे रेटली, ओढली. आणि पडदा पांढरा झाला.

“तिसरं लावा,” निरीक्षक म्हणाले.

“दोनच आहेत.”

“वहीत तीन आहेत!”

“वहीत आहेत. तिसरं अजून आलेलं नाही.”

“चाळीस वर्षांत?”

म्हातारा रीळ डब्यात ठेवून झाकण बसवत होता. “यायचं असलं की येतं, साहेब,” तो म्हणाला. “काही येतही नाहीत.”

निरीक्षक धावत सुटले. या वयात, भर दुपारी, रस्त्यातून! बसथांब्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कुठे जायचं ते आपल्याला माहीत नाही. मेहुणीचं नवं घर. बायकोने पत्ता सांगितला होता. नक्कीच सांगितला होता, आणि त्यांनी ‘हं’ही म्हटलं होतं. फोनवर मेहुणीला विचारावं, तर सांगितलेला पत्ताही आपण ऐकला नाही हे बायकोला तिथल्या तिथे कळलं असतं. टेलिफोन खात्यात गेले, तर तिथल्या बाईने नंबरावरून पत्ता देणं नियमात नाही असं सांगितलं, आणि शिवाय विचारलं, “तुमची बायको आहे ना तिथे? मग तिलाच विचारा की.”

शेवटी ते इमारतीत परतले आणि फळ्यापाशी उभे राहिले. मावशी, सेक्रेटरी आणि शिंपी तिथेच होते. निरीक्षकांनी त्यांच्याकडे न बघताच विचारलं, “आमच्या मेहुणीचा पत्ता… कुणाला ठाऊक आहे का?”

“मला आहे,” मावशी म्हणाल्या.

“मलाही आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “दवाखान्यामागची गल्ली, पिवळी इमारत.”

“दुसरा मजला, डावीकडचं दार,” शिंपी म्हणाला. “सात नंबरची बस. घंटा बिघडलीय, कडी वाजवा. वहिनींनी सांगितलं होतं, जाताना.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या इमारतीला तिने सांगितलं होतं आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. एरवी कुणीतरी हसलंच असतं. आत्ता कुणी हसलं नाही, आणि निरीक्षकांना वाटलं, हसले असते तर फार बरं झालं असतं. निघण्यापूर्वी त्यांनी फडकं घेतलं, ‘एक नवा, एक जुना’ पुसलं आणि खडूने लिहिलं, ‘आजवरची सर्व मते माझ्या पत्नीची. मी झोपलेलो असे.’ खाली सही केली. सवयीने तारीखही घातली.

“आम्हाला वाटायचंच हो,” मावशी हळूच म्हणाल्या.

सात नंबरची बस, दवाखान्यामागची गल्ली, पिवळी इमारत. निरीक्षकांनी कडी वाजवली. दार बायकोनेच उघडलं. त्यांना पाहून तिच्या भुवया वर गेल्या, ओठ हलले. आवाज आला नाही.

आतल्या खाटेवरून मेहुणी म्हणाली, “कोण, भावजी? या ना!” ते ऐकू आलं. पंख्याची घरघर ऐकू आली. बायको पुढे होऊन पुन्हा काहीतरी म्हणाली. तिचा हात आतल्या बाजूला झाला, म्हणजे बहुधा या म्हणत होती. निरीक्षक आत गेले आणि खुर्चीवर टेकले. समोर कपाट होतं. कपाटाच्या उघड्या दारातून बायकोचे कपडे दिसले, नीट घड्या घालून खणात लावलेले, पाहुणी लावत नाही तसे. कपाटाच्या वर तिची बॅग होती. रिकामी, चपटी झालेली.

बायको समोर बसली आणि बोलायला लागली. शांतपणे बोलत होती, चिडून नाही. मध्ये एकदा थांबली, उत्तराची वाट पाहिली. निरीक्षकांच्या ओठांवर ते आलंच होतं. एकवीस वर्षांचं, बिनकष्टाचं, तयार. त्यांनी दात दाबून ते आत ढकललं.

“मला ऐकू येत नाहीये,” ते म्हणाले. “फोनवर नाही आलं, आत्ताही नाही. बाकी सगळ्यांचं येतं, तुझंच नाही. तू समोर बसून काय बोलतेस ते मला कळत नाही गं. आणि हे आजचं नाही. कधीपासूनचं आहे देव जाणे. मी आपला हं हं करत राहिलो.” त्यांनी कपाटावरच्या रिकाम्या बॅगेकडे पाहिलं. “तू राहिलीस इथे तर माझं काही म्हणणं नाही. म्हणजे, आहे. खूप आहे. पण आधी तुझं काय आहे ते मला ऐकायचंय, आणि मला ऐकू येत नाहीये. मी काय करू?”

बायको निरीक्षकांकडे बघत राहिली. ते तिच्या ओठांकडे बघत होते, म्हणून ते हलले तेव्हा त्यांना आधी दिसलं आणि मग, पंख्याच्या घरघरीखालून, अगदी बारीक, ऐकू आलं.

“माहितीये मला,” ती म्हणाली.

निरीक्षक ताडकन उठले आणि पुन्हा बसले. “आलं! आलं ऐकू! पुन्हा म्हण.”

“माहितीये म्हटलं. चांगलं माहितीये.” आवाज जरा वाढला होता. “आता बसा तिथे. पहिल्यापासून सांगते. मध्ये एकदा जरी हं केलंत, तर उठून आत जाईन.”

निरीक्षकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. बायको सांगू लागली. ते सिनेमाबद्दल नव्हतं. बरंच जुनं होतं, बरंचसं त्यांच्याचबद्दल होतं आणि त्यात त्यांचं काम फारसं चांगलं नव्हतं. ऊन खिडकीतून उतरून भिंतीवर गेलं तरी ते संपलं नव्हतं. मग बोलता बोलताच ती उठली, स्टूल ओढलं, कपाटावरची बॅग खाली काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि खणातला पहिला कपडा उचलत म्हणाली, “धरा ही उघडी. आणि ऐका, अजून अर्धंही झालेलं नाही.”